एकूण कितीला?

आमच्या कॉलेजात नव्यानं रुजू झालेला प्राध्यापक स्टाफरूममधल्या वेळापत्रकावर ‘नुसरत देशमुख’ हे नाव वाचून एकदा तरी थांबायचा. कुणी धीट असला तर विचारायचाही, “मॅडम, देशमुख माहेरचं की सासरचं?”

“दोन्हीकडचं,” मॅडम पेपर तपासता तपासता, मान वर न करता सांगायच्या. “चुलत घरातच दिलं मला. अन् सर, देशमुखी काय एकट्या तुमच्याच लोकांना नव्हती. दौलताबादच्या पलीकडं आमच्या गावात या एकदा. अर्धं गाव देशमुख आहे. त्यातले निम्मे नमाजाला जातात, निम्मे मारुतीला.”

विचारणारा ओशाळून हसायचा आणि मॅडम पुढचा पेपर ओढायच्या. त्यांना कुणाला ओशाळं करायचं नसे. फक्त एखादी गोष्ट अर्धी कळून कुणी समाधानी झालेला दिसला की त्यांना राहवत नसे.

अंगानं उंच, हाडापेरानं रुंद. डोक्यावर ओढणी सैल, एक टोक कायम खांद्यावरून घसरलेलं. गुडघे दुखायचे म्हणून पायात पुरुषांचे पांढरे बूट. रोशन गेटच्या घरून त्या स्कूटीवर यायच्या आणि फाटकातून आत शिरताना हॉर्नवरचं बोट काढायच्या नाहीत. शिपाई म्हणायचे, मॅडम आल्या हे प्राचार्यांनाही वरच्या मजल्यावर कळतं. पर्समध्ये बडीशेपेची डबी. समोरचा खूप बोलायला लागला की त्या डबी उघडून त्याच्यापुढं धरायच्या. तो बडीशेप चावेपर्यंत बोलायची पाळी त्यांची.

त्या वित्त विषय शिकवायच्या, मी व्यवसाय कायदा. आमचे वर्ग शेजारी शेजारी, मधली भिंत पातळ आणि त्यांचा आवाज खणखणीत. त्यामुळं माझी मुलं कायदा किती शिकली ते सांगता येणार नाही, पण मॅडमचा एक धडा त्यांना आणि मलाही पाठ झाला होता. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो यायचा.

“समजा, मी तुम्हाला एक फ्लॅट विकते. पुंडलिकनगरला, दोन बेडरूमचा. मागते फक्त बारा लाख. स्वस्त का महाग?”

“लई स्वस्त, मॅडम!” सगळा वर्ग ओरडायचा.

“घेतला? सही केली? आता ऐका. त्या फ्लॅटवर बँकेचं तीस लाखांचं कर्ज आहे. ते आता तुमच्या गळ्यात. कितीला पडला?”

“बेचाळीस.”

“अन् जाताना मी कपाटात दोन लाख रोख ठेवून गेले. ते तुमचे. आता एकूण कितीला?”

“चाळीस.”

“मग बारा हा आकडा कशाचा होता?”

इथं फळ्यावर खडू वाजायचा.

“बारा ही माझ्या वाट्याची किंमत. चाळीस ही घराची. शेअरचा भाव गुणिले शेअरची संख्या, हे झालं भागधारकांच्या वाट्याचं मोल. पेपरात तेवढंच छापून येतं. त्यात कंपनीवरचं सगळं कर्ज मिळवा, हाताशी असलेली रोकड वजा करा, मग अख्ख्या कंपनीची किंमत कळते. एंटरप्राइझ व्हॅल्यू. इंग्रजी नाव विसरलात तरी चालेल, ते तीस लाख विसरू नका.”

एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “पण मॅडम, त्या कपाटाला कुलूप असलं अन् किल्ली बँकेकडं असली तर?”

मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांचं हसणं माझ्या वर्गात ऐकू आलं. “शाब्बास. तर ते दोन लाख वजा करायचे नाहीत. रोकड ताळेबंदात दिसते, पण तारण म्हणून बँकेकडं अडकलेली असते. ती तुमची नव्हे. हे ज्याला दिसलं त्याला पुढं कुणी फसवणार नाही.”

बाजारातही त्यांचं हेच. ‘स्वस्त’ हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. एकदा मला फ्रिज घ्यायचा होता म्हणून त्या बरोबर आल्या. दुकानदारानं हप्ता इतका कमी सांगितला की मी लगेच पाकीट काढायला लागलो. मॅडमनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दुकानदाराला विचारलं, “भाऊ, एकूण कितीला पडतंय ते सांगा.” मग व्याज आलं, फाइलचा खर्च आला, वाढीव वॉरंटी आली, जुन्या फ्रिजचे वजा झाले. दुकानदाराच्या कपाळाला घाम आला. आम्ही तिथं फ्रिज घेतला नाही. माझी बायको पुढं महिनाभर माठातलं पाणी पीत मॅडमच्या नावानं बोटं मोडत होती.

स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे एक सोनवणे सर होते. त्यांना शेअरचा नाद. एक दिवस ते दोन कंपन्यांची नावं घेऊन आले. “दोघींची विक्री सारखी, कारखान्याची कमाई सारखी. एकीचं बाजारमूल्य पाचशे कोटी, दुसरीचं आठशे. पाचशेवाली स्वस्त, मी घेतोय.”

“पाचशेवालीवर कर्ज किती, सर?”

“असेल की थोडंफार.”

मॅडमनी त्यांच्याच फोनवर वार्षिक अहवाल उघडला आणि नेहमीप्रमाणं मागून वाचायला सुरुवात केली. अध्यक्षांचं भाषण असतं ती पानं त्या कधीच वाचायच्या नाहीत. शेवटच्या बारीक अक्षरातल्या टिपा आधी. पाच-सात मिनिटांनी त्यांनी फोन परत दिला. “पाचशेवालीवर नऊशे कोटींचं कर्ज आहे. आठशेवालीकडं दोनशे कोटी रोकड पडून आहे, कर्ज नाही. एक अख्खी चौदाशेला, दुसरी सहाशेला. कमाई सारखी म्हणता तुम्हीच. आता बोला, स्वस्त कोणती?”

सोनवणे सरांनी पाचशेवाली घेतलीच. पुढं तिचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मॅडमला त्यांचा पेपर वाचायला देणं त्यांनी बंद केलं.

हे सगळं मी इतकं सांगतोय ते पुढचं कळावं म्हणून. शेअर घेताना काय बघावं हे या शहरात ज्यांना नीट कळत होतं, त्यात नुसरत देशमुख होत्या. आणि त्यांच्याच घरात ते ऐकलं गेलं नाही.

त्यांचे मिस्टर इक्बालभाई. वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात सुपरवायझर होते. मोटारसायकलचे आणि ट्रॅक्टरचे गिअर तिथं बनायचे. कारखान्याचं नाव मी घेत नाही. आता त्या फाटकावर पाटीही दुसरीच आहे. बारीक, नीटस माणूस. कंपनीचा निळा शर्ट सुट्टीच्या दिवशीही अंगात. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारसायकलकडं बोट दाखवून म्हणायचे, “सर, इसमें हमारा माल है.” आमचा माल म्हणताना त्यांचा चेहरा पोटच्या पोराची मार्कं सांगावीत तसा व्हायचा. ऐन पंचविशीत ते तिथं लागले, तेव्हा कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड होती. मालक, ज्यांना सगळे बडे साहब म्हणायचे, स्वतः शेडमध्ये उभे असायचे. पुढं कंपनी शेअरबाजारात आली तेव्हा कामगारांसाठी काही शेअर राखून ठेवले होते. इक्बालभाईंनी घेतले. ते वाढले. त्यात मुलीचं लग्न झालं. त्या लग्नाला बडे साहब आले, जेवले आणि इक्बालभाईंच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. तो फोटो त्यांच्या बैठकीत दारासमोर होता.

मग कंपनीनं परदेशातला एक जुना कारखाना विकत घेतला. शहरात पेढे वाटायचेच राहिले होते. आपल्या वाळूजच्या माणसानं गोऱ्यांचा कारखाना घेतला, हेच जो तो सांगत होता. दीड-दोन वर्षांनी शेअर घसरायला लागला. दोनशेचा दीडशे, दीडशेचा ऐंशी, मग चाळीस. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत लोक म्हणायला लागले, “एवढी मोठी कंपनी, जमीनच कितीची आहे, अन् शेअर चाळीसला! घेऊन ठेवा.”

त्या सुमारास एका रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला होतो. मॅडमनी नान-खलिया केला होता. जेवता जेवता इक्बालभाई मला म्हणाले, “सर, तुम भी लेव थोडे. चालीस में फिर नहीं मिलते.”

मॅडम वाढता वाढता थांबल्या. “त्यांना कशाला सांगता?”

“क्यों? गलत बोलरा मैं? इत्ती बडी कंपनी इत्ते में मिल रई.”

“इत्ते में नाही मिळत.” मॅडम खाली बसल्या. माझ्यासमोर त्या नवऱ्याशी मराठीत बोलत होत्या, म्हणजे हे मीही ऐकावं असं त्यांना वाटत होतं. “चाळीस रुपये ही तुमच्या कागदाची किंमत. कंपनीची नाही. बाहेरच्या कारखान्यासाठी जे कर्ज काढलंय ते त्या उपकंपनीच्या नावावर आहे, पण जामीन इथली कंपनी आहे. ते मिळवा. बँकेची इथली कर्जं मिळवा. रोकड दाखवलीय ती सगळी बँकेकडं तारण पडलीय, ती वजा करता येत नाही. अख्खी कंपनी आज लई महाग पडतेय. शेअर दोनशेला होता तेव्हापेक्षा महाग, कारण तेव्हा कमाई होती अन् कर्ज नव्हतं. शेअर खाली आला तसं कर्ज वर गेलंय.”

“मशिनां देखी तू? जमीन देखी?”

“मशिनं बँकेची. जमीन बँकेची. देणं भागवून उरलं तर तुमचं. काही उरत नाही, मी मोजून बघितलंय. एक शेअर सुद्धा घेऊ नका, अन् आहेत ते विका.”

इक्बालभाईंनी नानचा तुकडा ताटात ठेवला. “तू कॉलेज में पढा, नुसरत. घर में नक्को पढा.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “तेरेकू कागद दिखते. मेरेकू साहब दिखते. जिस आदमी ने शेड से कंपनी बनाई, वो डुबायेगा क्या?”

मॅडमनी माझ्या ताटात खलिया वाढला. निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “पोरांना मी नापास करू शकते, शिंदे सर. इथं काय करू?”

इक्बालभाईंनी शेअर विकले नाहीत. उलट भाव पडेल तसे घेत राहिले. तीसला घेतले, बावीसला घेतले. हे मॅडमला नंतर कळलं. पगार आणि बचतीचं खातं त्यांचं त्यांच्या नावावर होतं आणि मॅडमनी त्यात कधी डोकावलं नव्हतं.

मग बँकांचे हप्ते थकले. पगार लांबायला लागले. बडे साहब दिसेनासे झाले. कुणी म्हणे आजारी आहेत, कुणी म्हणे मुलाकडं परदेशी आहेत. प्रकरण मुंबईला न्यायाधिकरणात गेलं. कंपनी चालवायला तिथून एक अधिकारी नेमला गेला आणि विकत घेणाऱ्यांकडून बोल्या मागवल्या. शेवटी दुसऱ्या एका मोठ्या उद्योगानं ती घेतली. स्थानिक पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, एवढ्या एवढ्या शे कोटींना कंपनीची विक्री. वाळूजच्या कामगारांनी त्या दिवशी फटाके वाजवले, हे मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, आता आपल्या शेअरचे पैसे येणार.

आले काहीच नाहीत. जुने शेअर रद्द झाले. मोबाइलवर खातं उघडलं की त्या नावासमोर शून्य दिसायला लागलं, आणि पुढं ते नावही दिसेनासं झालं.

कामगारांनी एक सभा बोलावली. रविवारी सकाळी, वाळूजच्या एका मंगल कार्यालयात. त्यांना समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. “कायद्याचं तुम्ही सांगा, बाकीचं मी सांगते.”

कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. सव्वाशे-दीडशे माणसं, बहुतेक कंपनीच्या निळ्या शर्टात. इक्बालभाई अगदी मागच्या रांगेत बसले होते. मी आधी उठलो. दिवाळखोरीच्या कायद्यात कोणाचं देणं आधी भागवायचं याचा क्रम ठरलेला असतो, भागधारकाचा नंबर सगळ्यात शेवटी, एवढं सांगून बसलो. लोकांनी ते कोरड्या चेहऱ्यानं ऐकलं.

मॅडम उठल्या. त्यांनी माइक घेतला नाही. त्यांना लागायचाही नाही.

“बातमीत जो आकडा आला, तो अख्ख्या कंपनीचा आहे,” त्या म्हणाल्या. “शेड, मशिनं, नाव, ऑर्डरी, सगळ्यासकट. घेणाऱ्यानं ते पैसे तुम्हाला-मला दिले नाहीत. ते आधी बँकांकडं गेले. अन् बँकांचं येणं त्या आकड्याच्या दुप्पट होतं. त्यांचंच अर्धं बुडालं. मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्याला काय मिळणार? काहीच नाही. पगाराची थकबाकी थोडीफार मिळेल, तिच्यासाठी अर्ज करा. शेअरचं विसरा. मी खोटी आशा दाखवायला आलेली नाही.”

तिसऱ्या रांगेतून एकजण उठला. गायकवाड त्याचं नाव, इक्बालभाईंच्याच विभागातला ऑपरेटर. रुंद खांद्यांचा, शांत वाटणारा माणूस.

“मॅडम, हे आज सांगून राहिलात. घेताना का नाय सांगितलं?”

“काय नाही सांगितलं, भाऊ?”

“आम्ही काय आमच्या अकलेनं घेतले व्हय शेअर? इक्बालभाई म्हणले, ‘आमच्या मॅडमनी सगळा हिशोब बघितलाय, कॉलेजात तेच शिकवतात, डोळे झाकून घ्या.’ तुमच्या नावावर घेतले आम्ही. पीएफमधून काढून घातले. मी एकट्यानं नाय, इथं बसलेल्या निम्म्यांनी.”

“व्हय, व्हय, आम्हालाबी तेच सांगितलं,” चार-पाच आवाज आले.

मॅडमना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या शेजारी खुर्चीत मी होतो. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांनी मागच्या रांगेकडं बघितलं. इक्बालभाईंनी मान खाली घातली होती आणि दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते. दोघांच्या मधल्या सगळ्या खुर्च्या मॅडमकडं बघत होत्या. मागं वळून कुणी बघितलं असतं तर तिथंच सगळं कळलं असतं. कुणी बघितलं नाही.

मी उठायला गेलो. त्यांनी माझ्याकडं न बघता हात आडवा धरला.

“गायकवाड भाऊ,” त्या म्हणाल्या, “ते माझ्या घरातून आलं. माझ्या घरातून जे बाहेर गेलं, त्याची जबाबदारी माझी आहे.”

“जबाबदारी घेऊन काय करू आम्ही?”

“काही नाही करता येणार. ते खरंच आहे.”

एक बाई रडायला लागली. कुणीतरी खुर्ची पाडली. “बाईनंच पैसे खाल्ले असतील कंपनीकडून,” असंही मागून कुणी म्हणालं. मॅडम तिथंच उभ्या राहिल्या. सगळे निघून जाईपर्यंत त्या खुर्चीवर टेकल्या नाहीत. शेवटी तिघंच उरलो. इक्बालभाई जागेवरून उठले, आमच्या दिशेनं दोन पावलं आले आणि मग दाराकडं वळून बाहेर गेले.

शहराकडं परत येताना मी गाडी चालवत होतो. मी म्हणालो, “मॅडम, मी साक्षीदार आहे. तुम्ही काय सांगितलं होतं ते माझ्यासमोर सांगितलं होतं. मी गायकवाडला भेटतो.”

“नाही भेटायचं.”

“पण हा अन्याय...”

त्यांनी पर्समधून बडीशेपेची डबी काढली, उघडली, पण माझ्यापुढं धरली नाही. तशीच मांडीवर ठेवून बसल्या. “शिंदे सर, माझ्याकडं कॉलेज आहे. तुम्ही आहात. वाचायला पुस्तकं आहेत. त्यांच्याकडं कंपनी होती, ती गेली. साहब होते, ते गेले. आता ही माणसं तेवढी उरलीत. तीस वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ती. ती पण काढून घेऊ?” मग डबी बंद करत त्या म्हणाल्या, “त्यांनी खोटं पैशासाठी नाही सांगितलं. त्यांना खरंच वाटत होतं की सगळ्यांचं भलं होईल. फक्त स्वतःचा शब्द पुरेल असं वाटलं नसावं. म्हणून माझा घेतला.”

कुणाला काही सांगणार नाही, असा मी शब्द दिला. तो आजवर पाळला. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय.

घरी काय झालं ते त्यांनी मला एकदाच, तुटक सांगितलं. इक्बालभाई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले, “मैं बोल देता उनकू.” मॅडम म्हणाल्या, “नक्को.” त्यांनी कप खाली ठेवला आणि रडले. लग्नानंतर त्यांना रडताना मॅडमनी पहिल्यांदाच बघितलं होतं. नव्या मालकानं पन्नाशीच्या पुढच्या कुणाला परत घेतलं नाही. इक्बालभाई घरी बसले. निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला, आणि पुढं अंगावर घातला नाही. बैठकीतला फोटो कुणी काढला ते कळलं नाही, पण भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला होता.

दोन वर्षं गेली नसतील. हृदयाचा झटका आला. दवाखान्यात नेईपर्यंत गेले.

जनाज्याला मी होतो. मॅडमचं खरं ठरलं. वाळूजची माणसं आली. चांगली चाळीस-पन्नास. जुन्या निळ्या शर्टातले काहीजण, डोक्याला रुमाल बांधून. गायकवाडनं रोशन गेटपासून कब्रस्तानापर्यंत खांदा सोडला नाही. माती देऊन झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हात झटकत होता, पण माती जात नव्हती.

“देवमाणूस होता,” तो म्हणाला. “साधा. बायकोच्या शब्दावर गेला, सर. त्या बाईनं त्यालाही बुडवलं अन् आम्हालाही.”

मी त्याच्याकडं बघितलं. “चला,” म्हणालो, आणि त्याला नळापाशी घेऊन गेलो.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. बायका आत होत्या. मॅडम पडद्यापाशी आल्या. पांढऱ्या ओढणीत त्या एकदम लहान दिसत होत्या.

“कोण कोण आलं होतं?” त्यांनी विचारलं.

मी एकेक नाव सांगत गेलो. त्या प्रत्येक नावाला मान हलवत होत्या.

“गायकवाड?”

“शेवटपर्यंत खांदा दिला.”

“काही बोलला?”

“देवमाणूस होता म्हणाला.”

“अजून?”

मी चपला शोधायला लागलो. त्या जे समजायचं ते समजल्या. “बरं झालं,” एवढंच म्हणाल्या आणि पडदा सोडला.

नवऱ्यामागं घरातच काढायचे इद्दतीचे दिवस पुरे करून त्या कॉलेजात परत आल्या. स्कूटी विकली होती. रिक्षानं यायच्या, त्यामुळं आलेल्या कळायच्या नाहीत. दोन ओळी बोलून दम खायला थांबायच्या. एवढं सोडलं तर शिकवणं तसंच होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षाची गोष्ट. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. माझा तास सुरू व्हायचा होता, मी व्हरांड्यात त्यांच्या वर्गाच्या उघड्या दारापाशी उभा होतो. आत त्यांचा तोच धडा चालू होता. पण या वेळी फ्लॅटचं उदाहरण नव्हतं. फळ्यावर वाळूजच्या त्या कंपनीचे आकडे होते. बुडण्याच्या दोन वर्षं आधीचे. आपल्या वर्गात त्यांनी ती कंपनी तोवर कधी घेतली नव्हती. बाजारमूल्य, इथलं कर्ज, उपकंपनीचं जामीन असलेलं कर्ज, तारण पडलेली रोकड. सगळं मिळवून त्यांनी खाली रेघ मारली, अख्ख्या कंपनीची किंमत लिहिली आणि शेजारी कारखान्याची वर्षाची कमाई लिहिली.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. रुंद खांदे, दोन वेण्या. मी हजेरी घ्यायचो म्हणून मला तिचं नाव माहीत होतं. स्नेहल गायकवाड. तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं, ते जमलं नाही, असं तिनं मला प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. ती कुणाची मुलगी ते मॅडमनाही माहीत होतं. यादीत बापाचं नाव असतंच.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे आकडे तेव्हाच छापून आले होते ना? शेअर चाळीसला होता तेव्हा?”

“हो. वार्षिक अहवालात होते. सगळ्यांसाठी खुले.”

“मग तुम्हाला तेव्हा माहीत होतं?”

वर्गातल्या बाकीच्यांना यात काही विशेष वाटलं नाही. कुणी वहीत उतरवत होतं, कुणी बाहेर बघत होतं. मुलगी बाकाची कड दोन्ही हातांनी धरून उभी होती. मॅडमच्या हातात खडू होता. त्यांनी दाराकडं बघितलं, मी तिथं आहे हे त्यांना दिसलं. एक वाक्य पुरलं असतं. इक्बालभाई मातीत गेलेले होते, त्यांचं आता कुणी काही काढून घेणार नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील.

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली, मग हळूच खाली बसली. मॅडम फळ्याकडं वळल्या. ओढणीचं घसरलेलं टोक त्यांनी खांद्यावर घेतलं आणि कमाईच्या आकड्याखाली पुढची ओळ लिहायला लागल्या. नेहमीपेक्षा सावकाश, एकेक अंक मोठा काढत, शेवटच्या बाकावरही दिसावा असा.